न सांगता येणारी दाढ

गेल्या महिन्यातली गोष्ट. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, तेवढ्यात नात बाथरूममधून ओरडत आली, "आजी, पडला!" उघड्या तळहातावर तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा, पांढराशुभ्र दात. ओठाच्या कडेला रक्ताचा एक ठिपका आणि चेहऱ्यावर बोर्डात पहिली आल्याचा आनंद. गेले पंधरा दिवस हा दात जिभेनं हलवून हलवून तिनं आम्हा सगळ्यांना वेड लावलं होतं.

आता प्रश्न आला, दात टाकायचा कुठं? आमच्या लहानपणी याचं उत्तर ठरलेलं होतं. शेणाच्या गोळीत दात घालायचा आणि कौलांवर भिरकावून द्यायचा. उंदीरमामा तो घेऊन जाणार आणि आपला बारीक, मजबूत दात बदल्यात देणार! उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, त्यामुळं मामा निवडण्यात आमच्या पूर्वजांची नजर पक्की होती असं म्हणायला हवं. पण चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसांनी शेण कुठून आणायचं आणि कौलं कुठं शोधायची? शेवटी गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत दात पुरला आणि विषय मिटला.

विषय तिच्यापुरता मिटला. मी मात्र तिला खिडकीच्या उजेडात नेलं आणि "आ कर बघू" म्हटलं. तिला वाटलं, मी समोरची नवी खिडकी बघते आहे. मी बघत होते आणखी आत, शेवटच्या दाढेच्याही मागे. तिथं हिरडी जराशी फुगून फाटली होती आणि त्यातून एक पांढरं टोक वर आलं होतं. माझा मुलगा चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "आली का गं आई?" त्यानं विचारलं. "आली," मी म्हटलं. पुढं आम्ही दोघंही काही बोललो नाही. बोलण्यासारखं सगळं 1991 साली बोलून झालं होतं.

त्या वर्षी हा मुलगा अकरा वर्षांचा होता. खालच्या डाव्या बाजूच्या एका दाढेवर काळा खड्डा पडलेला मला वर्ष-दीड वर्ष दिसत होता. पण घरात सासूबाई, शेजारच्या काकू, शाळेतल्या माझ्या सहकारी बाई, सगळ्यांचं मत एकच. दुधाची दाढ आहे, आज ना उद्या पडेलच. मलाही ते पटलं होतं, कारण त्यामागं माझा स्वतःचा एक हिशेब होता. पक्का दात यायचा तर आधी कच्चा पडायला हवा. या जागेवरची दाढ कधी पडलेली मला आठवत नव्हती. म्हणजे ही दुधाचीच! ठणका लागला की लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायचा आणि त्याला शाळेत पाठवायचं, असं चाललं होतं. एका रात्री त्याचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला, तेव्हा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तालुक्याच्या गावी एका दंतवैद्यांकडे नेलं. दाढ वाचवण्यापलीकडे गेली होती. त्यांनी ती काढली. मी सहज विचारलं, "आता नवी कधी येईल?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बाई, हीच नवी होती. आता येणार नाही."

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. गणित हा माझा आवडता विषय. आणि ज्या हिशेबात मी चुकले तो दुसरीतल्या मुलाला जमावा इतका सोपा होता. दुधाचे दात 20. पक्के दात 32. वजाबाकी केली तर उरतात 12. हे बारा कुणाच्या जागी येत नाहीत. जबड्याच्या चारही कोपऱ्यांत, दुधाच्या दातांच्या मागं, तीन-तीन दाढा नव्यानं येतात. पहिली साधारण सहाव्या वर्षी, दुसरी बाराव्या वर्षाच्या आसपास आणि तिसरी म्हणजे अक्कलदाढ, सतराव्या वर्षानंतर, आली तर आली. यांतली सहा वर्षांची दाढ सगळ्यात फसवी. ती येताना कुठलाच दात हलत नाही, पडत नाही, रक्त येत नाही. मूल तळहातावर काही घेऊन धावत येत नाही. घरात सगळ्यांचं लक्ष समोरच्या हलणाऱ्या दाताकडे असतं आणि ही मागच्या दारानं येऊन बसते.

संस्कृतात दाताला 'द्विज' म्हणतात. पक्षी एकदा अंड्यात आणि एकदा अंड्याबाहेर जन्मतो, तसा दातही दोनदा जन्मतो. पण काश्यपसंहितेत दातांच्या जन्मावर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात असं सांगितलं आहे, की माणसाच्या बत्तीस दातांपैकी आठ एकदाच जन्मणारे असतात, बाकीचे द्विज. आजच्या हिशेबानं तो आकडा बारा आहे. पण एकदाच येणारेही काही दात असतात, ही गोष्ट त्या जुन्या वैद्याला ठाऊक होती. मला नव्हती!

पुढं काही वर्षांनी आमच्या शाळेत दंततपासणीचं शिबिर झालं. तिथं आलेल्या एका डॉक्टरबाईंनी पाच वर्षांच्या मुलाच्या जबड्याचा मोठा एक्स-रे वर्गाच्या खिडकीशी धरून दाखवला. ते चित्र मी विसरू शकत नाही. दुधाचे 20 दात ओळीनं उभे आणि त्यांच्या मुळांशी, हाडाच्या आत, पक्के दात दाटीवाटीनं बसलेले. काही पुरे होत आलेले, काही नुसत्या टोप्यांसारखे. अक्कलदाढा सोडल्या तर 28. म्हणजे त्या चिमुकल्या तोंडात एकूण 48 दात होते! जत्रेच्या एसटीत बसलेल्यांच्या पायाशी आणखी तितकेच उकिडवे बसावेत, तसं ते दृश्य होतं.

डॉक्टरबाईंनी मग ही गोष्ट पार सुरुवातीपासून सांगितली. आईला दिवस गेल्यावर सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या हिरडीत दातांची पहिली तयारी दिसू लागते. चौथ्या महिन्यात दुधाच्या दातांत क्षार साठायला लागतात. मूल जन्मतं तेव्हा बोळकं दिसतं खरं, पण आत वीसच्या वीस दात घडत असतात. आणि आश्चर्य म्हणजे त्या सहा वर्षांच्या दाढेचं टोकही जन्माच्या सुमारासच कठीण व्हायला लागतं. दिसते सहाव्या वर्षी, पण तिचं काम बारशाच्या आसपास सुरू झालेलं असतं. ती मुलाच्याच वयाची असते.

दाताचं वरचं कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू. ते थरावर थर चढत तयार होतं आणि त्या थरांत बाळपणाची नोंद राहते. दुधाच्या दातांत आणि बहुधा या पहिल्या पक्क्या दाढेतही सूक्ष्मदर्शकाखाली एक रेघ दिसते. मूल पोटातून बाहेर आलं त्या वेळची ती रेघ! आईच्या पोटातलं एनॅमल रेघेच्या एका बाजूला आणि या जगातलं दुसऱ्या बाजूला. ही नोंद कधी दुःखाचीही असते. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण फार असतं. तिथल्या मुलांचे पक्के दात येतात तेच डागाळलेले, तपकिरी. मुलं दात घासत नाहीत म्हणून नव्हे. ते दात हाडाच्या आत घडत होते तेव्हा प्यायलेल्या पाण्याचे ते डाग आहेत.

आणि एनॅमल बांधणाऱ्या पेशी दात बाहेर येताच नाहीशा होतात. घर बांधून झालं की गवंडी आपलं सामान घेऊन निघून जातात, तसं. मोडलेलं हाड जुळतं, कापलेली कातडी भरून येते. दाताला पडलेला खड्डा शरीराला भरून काढता येत नाही.

बाळाचा पहिला दात येतो साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यात, बहुधा खालचा, मधला. मग वरचे समोरचे, मग पहिल्या दाढा, मग सुळे आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत शेवटच्या दाढा. क्रमात थोडं इकडंतिकडं झालं तर घाबरण्यासारखं काही नसतं. वरचे दात आधी आले की मामाला वाईट, असं म्हणून आपल्याकडे अजून काही घरांत मामाला घोर लागतो. मामाच्या प्रकृतीचा भाच्याच्या दातांशी काहीही संबंध नाही, एवढं मी सगळ्या मामांना खात्रीनं सांगू शकते.

दात येताना ताप येणारच, जुलाब होणारच, हाही असाच एक समज. तो फार जुना आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दात येणं हे बाळाच्या सगळ्या दुखण्यांचं कारण सांगितलं आहे. त्याच वेळी अशा दुखण्यांत बाळाला उपचारांनी फार जखडू नये, दात आले की ती आपोआप शमतात, असा शहाणपणाचा सल्लाही तिथं आहे. इंग्लंडात तर जुन्या मृत्यूंच्या नोंदीत 'दात' हे मरणाचं कारण म्हणून लिहिलेलं असे. तिथं दात येणाऱ्या बाळांना देण्याच्या चूर्णांत पारा असे आणि त्यानं मुलांचे हातपाय लाल होऊन सोलवटत. ही चूर्णं बाजारातून गेली ती 1954 साली. आज डॉक्टर सांगतात, की दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, मूल किरकिरं होतं, अंग किंचित कोमट लागतं. पण शंभराच्या वर ताप, वारंवार जुलाब हे दाताच्या माथी मारू नये. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती याच वयात ओसरू लागते आणि मूल हाताला लागेल ते तोंडात घालायला लागतं, तेही याच वयात. तेव्हा 'दात येताहेत' म्हणून घरी बसू नका.

"दुधाचे दात पडायचेच आहेत, मग जपायचे कशाला?" हा प्रश्न मला पालकसभेत वर्षानुवर्षं विचारला गेला. उत्तर असं, की दुधाचा दात जागा धरून ठेवतो. एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसा! दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, तर मागची दाढ पुढं सरकते आणि हक्काचा प्रवासी येतो तेव्हा त्याला उभं राहायला जागा नसते. मग दात वाकडे, एकावर एक. दुधाच्या दोन दाढांच्या जागी नंतर ज्या दोन उपदाढा येतात, त्या दोन्ही मिळून थोड्या अरुंद असतात. खालच्या जबड्यात एकेका बाजूला सुमारे 1.7 मिलिमीटर आणि वर 0.9 मिलिमीटर जागा त्यामुळं शिलकीत पडते. निसर्ग इतक्या काटकसरीनं संसार करतो. म्हणूनच चार-पाच वर्षांच्या मुलाच्या दातांत फटी दिसल्या तर वाईट वाटून घेऊ नये. पुढं मोठे दात यायचे आहेत, त्यांची ती सोय आहे.

पहिली-दुसरीच्या वर्गावर मी अनेक वर्षं होते. जून महिन्यात भरलेली तोंडं दिवाळीपर्यंत खिडक्यांची होतात. 'स' म्हणायला सांगितलं की निम्मा वर्ग शिट्टी वाजवतो. दात पडतो तेव्हा त्याला मूळ दिसत नाही आणि पालक घाबरतात, मूळ आत राहिलं की काय. तसं नसतं. खालून पक्का दात वर येऊ लागला, की त्याच्या वाटेवरच्या पेशी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवून टाकतात. उरते ती नुसती टोपी. कधी खालचे पक्के दात आतल्या बाजूनं वर येतात आणि दुधाचे पुढं तसेच उभे राहतात. दातांच्या दोन रांगा पाहून आईचा जीव घाबरा होतो. बहुतेक वेळा जीभच नव्या दाताला पुढं ढकलते आणि जुना गळून पडतो. दोन-तीन महिने जाऊनही तो हलत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

नवे दात कडेला करवतीसारखे दातेरी असतात. ते चावून चावून सपाट होतात. दुधाच्या दातांशेजारी ते पिवळसर वाटतात. तो मळ नव्हे, त्यांचा रंगच तसा. सातव्या ते अकराव्या वर्षांत वरच्या दोन दातांत फट पडते आणि मूल जरा विचित्र दिसतं. दंतवैद्यांनी या काळाला नाव दिलं आहे, 'कुरूप पिल्लाची अवस्था'. अँडरसनच्या गोष्टीतलं ते पिल्लू! अकरा-बारा वर्षांचं मूल झालं आणि वरचे सुळे उतरले, की ती फट बहुधा आपली आपण मिटते.

मला शाळेच्या दाखल्यांवरून आणखी एक गोष्ट आठवते. 1 जून हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा वाढदिवस. जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलांची गुरुजींनी ती घालून दिलेली तारीख! डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता आला, की मूल शाळेत घ्यायचं, अशी तेव्हाची कसोटी. इंग्लंडात हाच प्रश्न जास्त जीवघेणा होता. तिथं 1833 च्या कायद्यानं बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली आणि तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास कमी झाले. पण जन्माचे दाखले नव्हते. गरीब आईबाप पोटासाठी मुलाचं वय वाढवून सांगत आणि अंगकाठीवरून निकाल होई. 1837 साली एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्यानं हजारावर मुलांची तोंडं तपासून 'दात ही वयाची कसोटी' असं सांगणारी पुस्तिका पार्लमेंटपुढं ठेवली. उंचीपेक्षा दात खरं बोलतात, असं त्याचं म्हणणं. दुसरी पक्की दाढ दिसली, तर मूल तेराच्या आसपासचं. आजही वयाचा कागद नसेल, तर वैद्यकीय तपासणीत हाडांबरोबर दात पाहतात. ही दाढ बघायला लोक मुलांना 'आ' करायला लावत होते आणि मी माझ्याच मुलाला कधी तसं केलं नाही.

त्याच्या तोंडात पुढं काय झालं, तेही सांगते. बाराव्या वर्षाची दाढ आली, ती सरळ उभी राहण्याऐवजी रिकाम्या जागेकडे कलली. वरची दाढ, खाली टेकायला कुणी नाही म्हणून, लांब होत खाली उतरली. अन्न अडकू लागलं, शेजारची दाढ किडली. पुढं नोकरी लागल्यावर त्यानं पैसे खर्चून इलाज केले. पण डाव्या बाजूनं न चावण्याची सवय काही गेली नाही. आजही तो जेवायला बसला, की घास उजव्या गालात जातो. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही येत नाही. मला मात्र ताटावर बसलं की तेवढंच दिसतं. त्यानं मला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. 'दात आहेत तर चणे नाहीत' ही म्हण आली, की हसून म्हणतो, "आई, मी अर्ध्या चण्यांचा मालक."

म्हणून हे सगळं लिहायला बसले. घरात सहा वर्षांचं मूल असेल, तर आज सुट्टीचा दिवस आहे, त्याला उजेडात घ्या आणि दाढा मोजा. मधल्या रेषेपासून एकेका बाजूला दुधाचे दात पाच. सहावं काही दिसलं, तर ती पक्की दाढ. ती अर्धवट वर आलेली असताना ब्रश तिच्यावरून तसाच निघून जातो आणि तिच्या खोल घळींत गोड पिठूळ अन्न बसून राहतं. म्हणून ब्रश आडवा, बाजूनं घालून तिच्यापर्यंत न्यावा लागतो. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनीच शेवटचा हात फिरवून घासावेत. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी, पुरे. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत आधी डॉक्टरांना विचारावं. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्यांना दाखवावं. आणि दाढेच्या घळी भरून टाकण्याचा पातळ लेप मिळतो, त्याला सीलंट म्हणतात. दुखत नाही, सुई नाही.

खेळताना पक्का दात मुळासकट निखळून पडला, तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता उचला, घासू नका, दुधात टाका आणि तासाभरात डॉक्टरांकडे पोचा. तो परत बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. आमच्या शाळेच्या मैदानात एकदा कबड्डीत असा दात पडला होता. आम्ही तो कुंपणापलीकडे टाकला होता.

परवा मुलगा नातीला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आला. चारांपैकी दोन दाढा दिसताहेत, दोन यायच्या आहेत. पुऱ्या वर आल्या की लेप लावू, असं ते म्हणाले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यानं पुढच्या तपासणीच्या तारखेला गोल केला आहे. रात्री झोपण्यापूर्वी तो बाथरूमच्या दारात पाटावर बसतो, नातीला पुढ्यात उभी करतो आणि मोबाइलचा दिवा लावून सांगतो, "आ कर. आणखी मोठा." ती कंटाळते, पाय आपटते. तो सोडत नाही. मी आतून भांडी आवरता आवरता ऐकत असते.